तरंगणे आणि बुडणे : विद्यार्थ्यांच्या विज्ञानपटांतून उलगडणारे एक तत्त्व

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांचे बालपण विहिरीच्या सोबतीने गेले, त्यांना एक अनुभव निश्चित आठवत असेल. दोराला बांधलेली घागर विहिरीत सोडावी, ती बुडबुड आवाज करीत भरावी आणि मग दोर ओढू लागावे. घागर पाण्यात असेपर्यंत ती सहज वर येते. परंतु ती पाण्याच्या पृष्ठभागाबाहेर आली की दोराला एकदम हिसका बसतो आणि दोन्ही हात लावावे लागतात. घागर तीच, तिच्यातील पाणीही तेच. मग क्षणभरात हा भार आला कोठून? पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरातील माता-भगिनींनी हा भार हातांनी अनुभवला. पण त्यामागचा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

शाळेत या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात मिळते. द्रवात बुडविलेल्या वस्तूवर तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके बल वरच्या दिशेने कार्य करते. यालाच आर्किमिडीजचे तत्त्व म्हणतात आणि त्या बलाला प्लावक बल. हे वाक्य पाठ असलेला विद्यार्थी परीक्षेत पूर्ण गुण मिळवितो. मात्र त्याच विद्यार्थ्याला, ‘टाचणी बुडते आणि लोखंडी जहाज का तरंगते?’ असे घरी आजोबांनी विचारले, तर अनेकदा तो गोंधळतो. ‘जहाजात हवा असते म्हणून,’ असे काहीसे उत्तर देऊन तो सुटका करून घेतो. वाक्य ठाऊक असणे आणि गोष्ट समजणे यांत केवढे अंतर असते, हे अशा वेळी ध्यानात येते. हे अंतर ओलांडण्याचा एक नवा मार्ग अलीकडच्या काळात उपलब्ध झाला आहे. तो मार्ग म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः तयार केलेले छोटे विज्ञानपट.

शिकविणारा विद्यार्थी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या जगप्रसिद्ध संस्थेने २०१२ साली एक उपक्रम जाहीर केला. तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी शालेय मुलांसाठी विज्ञान व अभियांत्रिकीच्या संकल्पना समजावून देणारे छोटे चित्रपट तयार करावेत, अशी ती कल्पना होती. याच संस्थेचे माजी विद्यार्थी सलमान खान यांची खान अकॅडमीही या कार्यात सहभागी झाली. येथे शिकविणारा प्राध्यापक नव्हता. चार इयत्ता पुढे गेलेला विद्यार्थीच आपल्या धाकट्या भावंडांना समजावीत होता. त्याला स्वतःला कोठे अडले होते, हे त्याच्या अजून स्मरणात असते. हाच त्याचा खरा अधिकार.

आपल्या महाराष्ट्रातही या दृष्टीने मोलाचे कार्य झाले आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत श्री. अरविंद गुप्ता आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी रिकाम्या बाटल्या, काडेपेट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे अशा टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी साकारली आणि त्यांवर असंख्य छोटे चित्रपट केले. त्यांपैकी अनेक मराठीतही उपलब्ध आहेत. २०१८ साली भारत सरकारने श्री. गुप्ता यांना पद्मश्री देऊन गौरविले. महागड्या प्रयोगशाळेवाचून विज्ञान शिकता येते, हा विश्वास त्या चित्रपटांनी घरोघरी पोहोचविला.

चित्रपटाचा नेमका लाभ कोणता? वहीत ‘प्लावक बल कार्य करते’ असे लिहून पुढे जाता येते. पण कॅमेऱ्यासमोर ते बल दाखवावे लागते. दाखवायचे म्हणजे मोजावे लागते आणि मोजायचे म्हणजे समजून घ्यावे लागते. पाठांतराच्या आडोशाला लपण्याची सोय तेथे नाही.

यासंदर्भात एक संशोधन विचार करण्याजोगे आहे. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेल्या प्रबंधात विज्ञानाच्या चित्रफितींचा अभ्यास केला. ज्या चित्रफितींत केवळ शुद्ध आणि नेटके स्पष्टीकरण होते, त्या विद्यार्थ्यांना सोप्या वाटल्या. परंतु त्यांचे ज्ञान फारसे वाढले नाही. ज्या चित्रफितींत प्रथम सर्वसामान्य गैरसमज मांडून मग तो खोडून काढला होता, त्या गोंधळात टाकणाऱ्या वाटल्या. मात्र त्या पाहणारे विद्यार्थी चाचणीत पुढे गेले. मनातील चुकीची समजूत बाहेर काढल्याशिवाय योग्य समजुतीला जागा होत नाही, असा याचा अर्थ. तेव्हा तरंगण्या-बुडण्यावर एखाद्या विद्यार्थ्याने चार-पाच मिनिटांचा चित्रपट करावयाचा ठरविला, तर तो कसा असावा, हे क्रमाने पाहू.

पहिले दृश्य : चुकीचे उत्तर

चित्रपटाचा प्रारंभ चुकीच्या उत्तरापासून व्हावा. घरातील चार व्यक्तींना विचारावे, ‘वस्तू का बुडते?’ बहुतेकांचे उत्तर येईल, ‘जड असते म्हणून.’ मग एक संत्रे घ्यावे आणि पाण्याच्या पातेल्यात सोडावे. ते तरंगते. आता तेच संत्रे सोलून पुन्हा पाण्यात सोडावे. साल काढल्याने त्याचे वजन कमी झाले आहे. परंतु हलके झालेले संत्रे आता तळाशी जाते!

पाहणारा येथेच सावध होतो. प्रश्न केवळ वजनाचा नाही. संत्र्याच्या सालीत हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात. साल वजनात थोडी भर घालते, पण जागा मात्र पुष्कळ व्यापते. म्हणजे विचार दोन गोष्टींचा केला पाहिजे, वस्तूचे वजन किती आणि तिने व्यापलेली जागा किती. या दोहोंच्या गुणोत्तरास घनता म्हणतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तेवढीच जागा व्यापणारे लोखंड सुमारे ७ किलो ८७० ग्रॅम भरते, तर बर्फ सुमारे ९१७ ग्रॅम. पाण्याहून अधिक घनतेची वस्तू बुडते, कमी घनतेची तरंगते. सागाचा भला मोठा ओंडका तरंगतो आणि इवलीशी टाचणी बुडते, ती याच कारणाने.

दुसरे दृश्य : पाणी वर का ढकलते?

एवढ्यावर थांबले तर चित्रपट अपुरा राहील. कारण पाणी वस्तूला वर ढकलते तरी का, हा मूळ प्रश्न शिल्लकच असतो. त्यासाठी प्लॅस्टिकच्या बाटलीला एकाखाली एक अशी तीन भोके पाडून ती पाण्याने भरावी आणि उंच ओट्यावर ठेवावी. वरच्या भोकातून पाणी कसेबसे बाहेर येते, खालच्या भोकातून जोराने उडते. खोली वाढते तसा पाण्याचा दाब वाढतो, हे डोळ्यांना दिसते.

आता थोडे अंकगणित करू. दर सेंटीमीटर खोलीमागे पाण्याचा दाब प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर एक ग्रॅम वजनाइतका वाढतो. दहा सेंटीमीटर लांबी, रुंदी व उंचीचा एक ठोकळा पाण्यात अशा रीतीने धरला की त्याची वरची बाजू ५ सेंटीमीटर खोल आणि खालची १५ सेंटीमीटर खोल आहे. प्रत्येक बाजूचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर. वरच्या बाजूवर पाणी ५०० ग्रॅम वजनाइतके खाली दाबते. खालच्या बाजूवर १५०० ग्रॅम वजनाइतके वर ढकलते. आजूबाजूचे दाब परस्परांना सारखेच असल्याने त्यांची वजावट होते. शिल्लक राहिली वरच्या दिशेने १००० ग्रॅम, म्हणजे एक किलो. त्या ठोकळ्याने बाजूला सारलेले पाणी एक लिटर आणि त्याचे वजनही नेमके एक किलो!

ठोकळा आणखी खोल नेला तर दोन्ही बाजूंवरचा दाब सारखाच वाढतो आणि फरक एक किलोच राहतो. म्हणून ‘खोल पाणी वस्तूला अधिक जोराने उचलते’ हा समजही येथे गळून पडतो. ठोकळा लाकडाचा आहे, लोखंडाचा आहे की दगडाचा, याची पाणी चौकशी करीत नाही. जेवढी जागा घ्याल तेवढा आधार मिळेल, एवढाच त्याचा व्यवहार.

तिसरे दृश्य : नावे आणि जमा

व्यापारी समाजाला सर्वांत भावेल असे दृश्य यापुढचे आहे. एक किलो वजनाचा दगड दोरीने ताणकाट्याला अडकवावा. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर पाण्याने अर्धे भरलेले पातेले ठेवून त्याचे वजन लिहून घ्यावे. मग दगड पाण्यात पूर्ण बुडेल, परंतु तळाला टेकणार नाही, असा धरावा. दगडाची घनता पाण्याच्या अडीचपट असेल, तर ताणकाट्यावर एक किलोऐवजी ६०० ग्रॅम दिसतील. ४०० ग्रॅम गेले कोठे? पातेल्याखालच्या काट्याकडे पाहावे. पाण्याचा थेंबही वाढलेला नसताना तेथे नेमके ४०० ग्रॅम वाढलेले असतात.

वजन नाहीसे झाले नाही; ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले. पाणी दगडाला जितके वर ढकलते, तितकाच दगड पाण्याला खाली दाबतो. जमाखर्चाच्या वहीत प्रत्येक नोंदीला समोरची नोंद असतेच, तसा हा निसर्गाचा ताळेबंद आहे आणि तो ग्रॅमभरही चुकत नाही.

विहिरीच्या घागरीचे कोडेही आता सुटते. घागर चार किलो पितळेची आणि बारा लिटर पाण्याची धरू. पाण्यात असताना तिच्यातील पाण्याचा भार भोवतालचे पाणीच पेलते. दोरावर उरतो तो केवळ पितळेचा, आणि तोही काहीसा कमी झालेला, साधारण साडेतीन किलोचा भार. बाहेर येताच पाण्याचा आधार संपतो आणि हातावर सोळा किलो येतात. दोराला बसणारा हिसका तो हाच.

राजमुकुटाची कथा

आर्किमिडीज इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरीत होऊन गेला. राजा हिएरो याच्या सोन्याच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली आहे काय, हे त्याने स्नानाच्या वेळी सुचलेल्या युक्तीने शोधून काढले, अशी कथा सर्वश्रुत आहे. ही कथा रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने सुमारे दोन शतकांनंतर लिहून ठेवली. आर्किमिडीजच्या तरंगणाऱ्या वस्तूंवरील ग्रंथात तत्त्व आहे, पण मुकुटाचा उल्लेख नाही.

सोन्या-चांदीचा व्यवहार जाणणाऱ्यांनी ही कथा आकड्यांत तपासून पाहावी. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, चांदीची १०.५ पट. एक किलो शुद्ध सोने सुमारे ५२ मिलिलिटर पाणी बाजूला सारते. त्यात तीनशे ग्रॅम चांदी मिसळली असेल, तर ते सुमारे ६५ मिलिलिटर सारेल. फरक अवघा १३ मिलिलिटरचा. वीस सेंटीमीटर व्यासाच्या भांड्यात या फरकाने पाण्याची पातळी अर्धा मिलिमीटरसुद्धा बदलत नाही. डोळ्यांनी हे कसे दिसावे? १५८६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, गॅलिलिओने हीच शंका घेतली. तराजूच्या एका बाजूला मुकुट व दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचे शुद्ध सोने ठेवून दोन्ही पाण्यात तोलावीत, ही रीत आर्किमिडीजसारख्या बुद्धिमंताला शोभणारी आहे, असे त्याने सुचविले. त्या तराजूवर १३ ग्रॅमचा फरक लपून राहत नाही. चांगल्या विद्यार्थ्याने प्रसिद्ध कथेलाही असाच हिशेब विचारला पाहिजे.

चौथे दृश्य : लोखंड तरंगते

शाडूच्या मातीचा गोळा पाण्यात टाकला की बुडतो. त्याच मातीची खोलगट वाटी करून अलगद ठेवली की तरंगते. माती तेवढीच, वजनही तेवढेच. केवळ आकार बदलला. एक लिटर जागा व्यापणारा ७ किलो ८७० ग्रॅमचा लोखंडी ठोकळा केवळ एक किलो आधार मिळवितो आणि बुडतो. तेच लोखंड ठोकून त्याची बाहेरून १० लिटर आकारमानाची पेटी केली, तर तिला दहा किलोपर्यंत आधार मिळू शकतो. तिला गरज आहे ७ किलो ८७० ग्रॅमची. ती तरंगते आणि वर २ किलो १३० ग्रॅम माल वाहू शकते.

‘हवा जहाजाला उचलते’ हे उत्तर का अपुरे आहे, ते येथे कळते. उचलते ते पाणी. हवेचे काम इतकेच की ती वजनात जवळजवळ भर न घालता पाण्याला दूर ठेवते. स्टीलची वाटी तरंगत असताना तिला किंचित कलंडवून पाणी आत घेतले की ती तत्काळ तळ गाठते. कारण तिने धरून ठेवलेली जागा पाण्याने परत घेतली.

कोचीन येथे बांधलेली ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. पूर्ण भारासह तिचे विस्थापन सुमारे ४३ हजार टन आहे. विस्थापन म्हणजे तिने बाजूला सारलेल्या समुद्रजलाचे वजन, आणि तेच तिचे स्वतःचे वजन. मातीची वाटी आणि विक्रांत या एकाच नियमाच्या दोन नोंदी आहेत.

पाण्याची घनताही सर्वत्र सारखी नसते. पेल्यातल्या पाण्यात द्राक्ष बुडते. चमच्या-चमच्याने मीठ विरघळवीत गेल्यास एका क्षणी ते वर येते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के अधिक घन असते. म्हणून समुद्रातून नदीत शिरणारे जहाज तेवढ्याच मालासह किंचित अधिक बुडते. समुद्रातील हिमनगाचा सुमारे नऊदशांश भाग पाण्याखाली असतो, तोही याच गणिताने. एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळून बुडाले आणि दीड हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. जहाजाने धरलेली जागा समुद्राने एकेक कप्पा करीत परत घेतली.

मर्यादेची रेषा

आतापर्यंतचा विषय पातेल्यातला होता. परंतु हेच गणित विसरले गेले, तेव्हा माणसांचे जीव गेले. हा भाग विद्यार्थ्यांच्या चित्रपटांत क्वचितच येतो. तो अवश्य यावा.

लोखंडी पेटीत दोन किलो १३० ग्रॅम माल भरला की तिचे काठ पाण्याला टेकतात. लहानशी लाट आली तरी ती बुडेल. म्हणून शहाणा माणूस काही जागा राखून ठेवतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील काही जहाजमालक असे करीत नसत. जुनाट जहाजांत क्षमतेपलीकडे माल भरून ती समुद्रात पाठवीत. माल पोहोचला तर नफा, बुडाला तर विमा. बुडत होते ते खलाशी. अशा जहाजांना लोक ‘शवपेट्या’ म्हणू लागले. सॅम्युअल प्लिमसॉल या ब्रिटिश खासदाराने याविरुद्ध आवाज उठविला. १८७३ साली त्याने यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, संसदेत प्रक्षोभ ओढवून घेतला, आणि १८७६ साली जहाजाच्या बाजूवर भाररेषा काढणे कायद्याने बंधनकारक झाले. गंमत अशी की ती रेषा कोठे काढावी, हे प्रारंभी मालकाच्याच मर्जीवर होते! १८९० साली ती जागाही कायद्याने ठरली.

आज जगातील मालवाहू जहाजांवर वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेषा दिसते. तिच्या शेजारी शिडीसारख्या आणखी रेषा असतात. गोड्या पाण्यासाठी वेगळी, उन्हाळ्यासाठी वेगळी, हिवाळ्यातील खवळलेल्या समुद्रासाठी वेगळी. गोड्या पाण्याची रेषा घनतेचे गणित सांगते, तर हिवाळ्याची रेषा वादळाचे भय ओळखते. व्यापाऱ्याच्या लोभाने कोठे थांबावे, हे सांगणारी एवढी स्पष्ट रेषा अन्य कोणत्याही व्यवहारात क्वचितच आढळेल.

केवळ तरंगणे पुरेसे नसते, स्थिर तरंगणेही आवश्यक असते. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्वीडनची ‘वासा’ ही भव्य युद्धनौका स्टॉकहोम बंदरातून पहिल्याच प्रवासास निघाली आणि सुमारे तेराशे मीटर जाऊन कलंडली. वरच्या भागात वजन अधिक, खाली पुरेसा तोल नाही. प्रस्थानापूर्वी तीस खलाशांना तिच्या फलाटावर इकडून तिकडे धावायला लावून चाचणी घेतली होती. नौका इतकी डोलू लागली की चाचणीच थांबविण्यात आली; प्रवास मात्र थांबविण्यात आला नाही. जे दिसले ते बोलण्याचे धैर्य झाले नाही, त्याची ही किंमत.

आपल्या किनाऱ्यानेही असे दुःख सोसले आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी पावसात, लाटांच्या माऱ्याखाली एका बाजूस कलून बुडाली. सहाशेहून अधिक प्रवासी त्यात मृत्युमुखी पडले. नावेत घाबरून सर्वांनी एका बाजूस धाव घेतली की तोल कसा जातो, हे मुलांनी पाण्यावर तरंगणाऱ्या ताटलीत गोट्या ठेवून दाखवावे. ताटली मध्यभागी भार असता तरंगते. त्याच गोट्या एका काठाकडे घरंगळल्या की उलटते. भार तेवढाच, परिणाम वेगळा. नावेत बसणाऱ्या प्रत्येकास हे ठाऊक असणे, हा प्राण वाचविणारा धडा आहे.

तुंब्याचा दृष्टांत

या विषयाचा आपल्या परंपरेशीही एक जुना संबंध आहे. ज्ञाताधर्मकथा या आगमग्रंथाच्या सहाव्या अध्ययनात तुंब्याचा दृष्टांत येतो. वाळलेल्या तुंब्यावर गवत आणि मातीचे आठ लेप चढविले आणि तो खोल पाण्यात टाकला, तर तो तळाशी जातो. पाण्याने एकेक लेप भिजून निघून गेला की तोच तुंबा वर येतो. आठ कर्मांच्या लेपाने जड झालेला जीव आणि लेपमुक्त जीव यांचे स्वरूप समजावण्यासाठी हा दृष्टांत योजिला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या दहाव्या अध्यायातही लेप गळलेल्या तुंब्याची उपमा आहे.

या दृष्टांताचा हेतू आध्यात्मिक आहे आणि पदार्थविज्ञानाशी त्याची गल्लत करू नये. भौतिक तुंबा पाण्याच्या पृष्ठभागापाशी थांबतो. दृष्टांताला सांगावयाचे आहे ते त्यापलीकडचे. परंतु निरीक्षण किती अचूक आहे, ते पाहावे. तुंबा बदललेला नाही; त्याचे वजन वाढले ते वरच्या लेपाने. मातीने जागा थोडी घेतली, भार मात्र पुष्कळ दिला. गावोगावी पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या पाठीला बांधला जाणारा वाळका भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा हेच तत्त्व उलट बाजूने सांगतो. वजन थोडे, जागा पुष्कळ. ज्याला जड कल्पना समजावयाची असते, तो परिचित वस्तू हाती घेतो. आचार्यांनी तुंबा घेतला. आजच्या विद्यार्थ्याने संत्रे, मातीची वाटी आणि वजनकाटा घ्यावा.

पालकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी

असा चित्रपट करण्यास फार साधने लागत नाहीत. घरातील मोबाइल फोन, खिडकीतील उजेड, एक पारदर्शक भांडे आणि एक प्रश्न एवढे पुरेसे आहे. मात्र काही पथ्ये पाळावीत. एका चित्रपटात एकच प्रश्न घ्यावा. प्रयोग करण्यापूर्वी आपला अंदाज कॅमेऱ्यासमोर सांगावा आणि तो चुकला तर तसाच ठेवावा. चुकलेला अंदाज कापून टाकणे म्हणजे हिशेबाच्या वहीतील पान फाडण्यासारखे आहे. आकडे मोजून सांगावेत. संगणकावरून उचललेली तयार चित्रे जोडून चित्रपट सजवू नये. भाषा घरात बोलली जाते तीच असावी, म्हणजे आजीलाही तो समजेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे सारे प्रयोग बादली आणि पातेल्यातच करावेत. विहीर, तलाव वा नदीच्या काठी चित्रीकरणाचा मोह कटाक्षाने टाळावा.

चित्रपट पूर्ण झाल्यावर तो प्रथम घरातील अशा व्यक्तीला दाखवावा, जिला शाळेत विज्ञान शिकण्याची संधी मिळाली नाही. तिने ‘कळले’ म्हटले आणि आपल्या शब्दांत ते परत सांगितले, तर तो यशस्वी समजावा. तिने शंका विचारली, तर त्याहून उत्तम. पुढच्या चित्रपटाचा विषय मिळाला. पालकांनीही ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नासोबत ‘आज कोणाला काय समजावून दिलेस?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

विहिरीवर घागर ओढणाऱ्या त्या मातेच्या हातांनी आर्किमिडीजचे तत्त्व रोज तोलले होते. तिला ते कोणी सांगितले नाही, एवढेच. तिच्या नातवंडांनी आता ते तिला दाखवावे. ‘आजी, तो भार पाणी उचलत होते,’ असे एखादे मूल समोर वजनकाटा ठेवून सांगेल आणि आजीच्या चेहऱ्यावर ओळखीचे हास्य उमटेल, तेव्हा पुस्तकातील ते पाठ केलेले वाक्य खऱ्या अर्थाने समजले, असे म्हणता येईल.